कर्ज फेडून डाव सुटत नाही

पत्र थोडक्यात: नाशिकरोडला राहणाऱ्या एका विवाहित ताईंचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचा धाकटा भाऊ २९ वर्षांचा, इंजिनिअर, अंबडच्या एका कंपनीत नोकरीला. आई-वडिलांसोबत सिडकोत राहतो. दारू, सिगारेट, तंबाखू, काही नाही. तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन रमीत त्याने साडेतीन लाख घालवले. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून ते फेडले आणि त्याने वणीच्या देवीची शपथ घेतली. रमी खरंच सुटली, पण पाठोपाठ ऑप्शन ट्रेडिंग (शेअर बाजारात भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावायचे मुदतीचे सौदे) सुरू झालं. 'हा जुगार नाही, अभ्यासाचं काम आहे,' असं तो सांगत राहिला आणि घरच्यांनाही ते पटलं. आता कर्ज देणारी ॲप, मित्रांचे हातउसने, एका पतसंस्थेचं कर्ज (वडील जामीन) आणि एक खासगी सावकार असं मिळून ११ लाखांचं देणं निघालं आहे. वडील उरलीसुरली एफडी मोडायला निघाले आहेत, 'एकदाच, शेवटचं' म्हणून. आईने निफाडकडचं एक स्थळ जवळपास पक्कं केलं आहे. पुढच्या महिन्यात साखरपुडा. 'लग्न झालं की जबाबदारी अंगावर पडेल आणि सुधारेल,' हा आईचा विश्वास. मुलीकडच्यांना यातलं काही कळता कामा नये, असं ताईंना बजावलं आहे. ताईंनी स्वतःही नवऱ्याला न सांगता भावाला ८० हजार दिले आहेत. त्या विचारतात, 'बाबांना एफडी मोडू द्यावी का? आणि मुलीकडच्यांना सांगितलं, तर भावाचा संसार मांडायच्या आधीच मी मोडला असं होईल का?' पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: 'परवा तो आईला म्हणाला, मी नसलो तर तुम्ही सगळे सुटाल.'

ताई,

तुम्ही शेवटी लिहिलेली ओळ मी सगळ्यात आधी घेते. रागाच्या भरात बोलला असेल म्हणून ती सोडून देऊ नका. कर्ज, लाज आणि महिनोन् महिने सगळं लपवून ठेवल्याचा ताण एकदम अंगावर आला की माणूस खरंच त्या टोकाला जातो. आजच त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, 'जीव द्यायचे विचार येतात का रे?' असं विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती बहुतेकांना वाटते. ती खरी नाही. उलट, ज्याच्या मनात ते चाललेलं असतं त्याला कोणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. तो हो म्हणाला, किंवा उत्तर टाळून खाली बघत बसला, तरी त्याला एकटं सोडू नका. आईबाबांच्या गोळ्या त्याच्या हाती लागणार नाहीत असं बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्रीअपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तो बोलायला तयार नसेल तर तुम्ही स्वतः फोन लावून 'भावासाठी बोलतेय' म्हणा.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते.

आजीच्या दशक्रियेचा प्रसंग तुम्ही लिहिलाय. रामकुंडावर पिंड मांडलेले, कावळा शिवेना, गुरुजी म्हणतायत 'आजींची काही इच्छा राहिली असेल तर बोला', घरचे एकेक करून पुढे होऊन काही कबूल करतायत. आणि ज्या नातवाला आजीने अंगाखांद्यावर वाढवलं तो घाटाच्या पायऱ्यांवर मागे सरकून, तळहाताच्या आडोशाला धरून मोबाईल बघतोय. सव्वानऊ वाजले होते, बाजार उघडला होता. 'त्या दिवशी मला त्याची किळस आली,' असं तुम्ही लिहिलंय. ते मी समजू शकते. पण त्याच आठवड्यात आजीचा चष्मा उशाशी घेऊन झोपलेला तोच मुलगा होता, हेही तुम्हीच लिहिलंय. त्याचं आजीवर प्रेम होतं. तरीही त्या घडीला हात मोबाईलकडे गेला, आणि तो मागे घेणं त्याला जमलं नाही. व्यसन ओळखायचं ते इथे. माणूस किती वेळ खेळतो यापेक्षा, थांबायला हवं तिथे त्याला थांबता येतं का, हे बघायचं.

तुमच्या घरात 'त्याला कसलंही व्यसन नाही' हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलंय की तुम्हीही पत्राची सुरुवात त्यानेच केलीत. पोटात काही गेलं नाही, तोंडाला वास आला नाही, पाय लटपटले नाहीत, म्हणून व्यसन नाही, असं आपण धरून चालतो. वैद्यकशास्त्राने हे मत कधीच मागे टाकलंय. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराचा आजार दारू आणि इतर नशांच्याच प्रकरणात घेतला. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं अकरावं वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, त्यात जुगार आणि गेमिंग हे दोन्ही व्यसनांमध्ये धरले आहेत.

त्या अमेरिकन पुस्तिकेत जुगाराची नऊ लक्षणं दिली आहेत. वर्षभरात त्यातली चार किंवा जास्त दिसली तर डॉक्टर निदानाचा विचार करतात. तुमच्या भावाकडे बघून ती वाचा. रक्कम वाढवत न्यावी लागते. कमी करायला गेलं की चिडचिड, अस्वस्थता होते. सोडायचे प्रयत्न फसतात. डोक्यात सतत तोच विषय. मन खराब असताना तिकडे धाव. आज गेलेलं उद्या परत मिळवायला पुन्हा तेच. किती खेळतो याबद्दल खोटं बोलणं. नाती, नोकरी, शिक्षण पणाला लागणं. आणि नववं लक्षण नीट वाचा: पैशाची कोंडी झाली की ती सोडवायला दुसऱ्यांवर अवलंबून राहणं. बाबांची एफडी आणि तुमचे ८० हजार या नवव्या लक्षणात बसतात. घरच्यांनी कर्ज फेडणं हा औषधाचा भाग आहे असं तुम्हाला वाटतंय, आणि पुस्तिकेत ते आजाराच्या खुणांमध्ये लिहिलेलं आहे. निदान मात्र मी इथे बसून करत नाही, ते डॉक्टरांनी त्याच्याशी बोलून करायचं.

तो म्हणेल, 'ट्रेडिंग आणि जुगार यात फरक आहे.' आहेच. डीमॅट खातं असलेला प्रत्येक जण व्यसनी नसतो, दरमहा एसआयपी भरणारा तर नाहीच. पण एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपायच्या, दिवशी दुपारी दोननंतर ऑप्शन विकत घेणं, तेही कर्ज काढून, याला गुंतवणूक म्हणता येणार नाही. त्या तासा-दीड तासात दहा रुपयांचा प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, पन्नास होऊ शकतो, नाहीतर शून्य. कधी मिळेल, कधी जाईल याचा नेम नाही, आणि नेम नसलेलं बक्षीस मेंदूला नेहमीच्या बक्षिसापेक्षा जास्त धरून ठेवतं. रमीच्या पत्त्यांत जे होतं तेच इथे आहे, फक्त चार्ट असल्यामुळे अभ्यास केल्यासारखं वाटतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे जाहीर केले होते: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. मला त्याहून जास्त बोलका वाटतो तो त्याच अहवालातला दुसरा आकडा: सलग तोटा होऊनही तोट्यातल्या ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी ट्रेडिंग चालूच ठेवलं. तुमचा भाऊ दर मंगळवारी हाफ डे टाकतो असं तुम्ही लिहिलंय. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टी या शेअर निर्देशांकाच्या ऑप्शन्सची साप्ताहिक एक्स्पायरी मंगळवारी असते. त्याच्या रजांचा तक्ता आणि बाजाराचा तक्ता शेजारी ठेवा, मग अभ्यास कशाचा चाललाय ते कळेल.

रमीबद्दलही एक सांगते, कारण इतर घरांतही हा समज आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो कायदा खेळणाऱ्याला शिक्षा देत नाही, चालवणाऱ्यांना देतो, तेव्हा मदत मागताना पोलिसांची भीती बाळगायचं कारण नाही. पण ॲप बंद झालं म्हणजे आजार गेला, असं होत नाही. तुमच्या भावाने तर कायद्याच्या आधीच एक सोडून दुसरं धरलं. शपथ रमीची होती आणि ती त्याने पाळली, हे खोटं नाही.

एफडीचं बघू. बाबांच्या 'एकदाच, शेवटचं' यामागची माया मला दिसते. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाचा एक रुपया ठेवला नाही त्याला दारात वसुलीवाला आलेला सहन होणार नाही. पण 'शेवटचं' एकदा होऊन गेलंय. साडेतीन लाख फिटले त्या दिवशी भावाच्या छातीवरचं ओझं उतरलं, घरात गोडाधोडाचं झालं, आणि डॉक्टरकडे जायचा विषय कोणी काढलाच नाही. शिवाय कर्ज फिटलं की क्रेडिट स्कोअर सुधारतो आणि तीच ॲप पुन्हा दुप्पट मर्यादा घेऊन मेसेज करू लागतात. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: आज एफडी मोडू नका.

त्याला वाऱ्यावर सोडा असं मात्र मी म्हणत नाही. 'तुझं तू बघ, आमचा संबंध संपला' हे ऐकून सुधारलेल्यांपेक्षा आणखी खोल गेलेलेच मी जास्त पाहिले आहेत, आणि ज्याच्या तोंडून जगण्याबद्दल तसं वाक्य आलंय त्याला तर हे मुळीच ऐकवायचं नाही.

करायचं ते असं. ११ लाख हा आकडा भावाने सांगितलेला आहे, आणि पहिल्यांदा सांगितलेला आकडा सहसा पूर्ण नसतो. लाजेपोटी काहीतरी मागे राहतंच. कोणाच्या नावावर किती कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. तो त्याच्यासोबत बसून काढा, बँकेची स्टेटमेंट शेजारी ठेवा, मित्रांची नावं त्याच्या हाताने लिहून घ्या. मग देण्यांची वर्गवारी करा. सज्ञान मुलाच्या कर्जाला वडील जबाबदार नसतात, पण जामीन असतील तिथे असतात, त्यामुळे पतसंस्था पहिली. तिथे बाबांनी आणि भावाने दोघांनी मिळून जावं आणि हप्ते बांधून मागावेत. थकल्यावर जाण्यापेक्षा आधी गेलेलं बरं. सावकाराकडे परवाना आहे का ते विचारा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी गुन्हा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. ॲपच्या वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. फोटो पसरवायची किंवा नातेवाइकांना फोन करायची धमकी आली तर स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मित्रांना फोन त्याने स्वतः करायचे, 'मला वेळ द्या' म्हणून. हे काम बाबांनी अंगावर घेऊ नये. पुढे उपचार सुरू झाल्यावर बाबांना थोडा भार उचलायचा असेल तर पैसे थेट कर्ज देणाऱ्याला द्यावेत, भावाच्या खात्यातून एक रुपयाही फिरू नये.

त्याच्या संमतीने काही महिने पगाराचा व्यवहार दुसऱ्याने बघावा. घरखर्च आणि हप्ते वजा जाऊन रोजच्या खर्चापुरते पैसे त्याच्या हातात. यूपीआयची मर्यादा कमी करायची, क्रेडिट कार्ड बंद करायचं, ब्रोकरला लेखी कळवून फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग बंद करून घ्यायचा, टेलिग्रामवरचे टिप देणारे ग्रुप सोडायचे. आईचे दागिने लॉकरमध्ये जाऊ देत. हे त्याला शिक्षा म्हणून सुनावू नका. 'मंगळवारी दुपारी तुझा हात थांबत नाही, तेवढ्यापुरता आम्ही धरतो,' असं सांगा. बऱ्याच जणांना ही दोरी दुसऱ्याच्या हातात गेल्यावर हायसं वाटतं.

उपचारांबद्दल घरात सगळ्यात जास्त गैरसमज असतील. 'वेड्यांच्या डॉक्टरकडे' नेतायत असं आई म्हणेल. पहिल्या भेटीत डॉक्टर बहुतेक वेळ फक्त बोलतात. नैराश्य आहे का, झोप कशी आहे, मधूनच काही दिवस भलताच उत्साह येऊन तो पैसे उधळतो का, हे सगळं विचारतात, कारण यातलं काही असेल तर त्याच्या वेगळ्या गोळ्या असतात. जुगारावर मुख्य उपचार बोलण्याचाच आहे: ओढ कधी लागते, त्याआधी डोक्यात कोणतं वाक्य येतं ('आज निघेल'), त्या वाक्याचं काय करायचं, हे समुपदेशकासोबत दर आठवड्याला बसून शिकायचं. भरती व्हायची गरज सहसा पडत नाही. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. कॉलेज रोड, गंगापूर रोडला खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत. कामाच्या ठिकाणी कळेल ही भीती असेल तर त्याला सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवायचं बंधन घातलं आहे. घरातून उचलून नेऊन महिनाभर डांबणाऱ्या, मारहाण करणाऱ्या केंद्रांच्या नादी मात्र लागू नका; नोंदणी आहे का हा पहिला प्रश्न, आणि घरच्यांना भेटू देतात का हा दुसरा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात आहे, तिथे किमान मार्गदर्शन तरी नक्की मिळेल. गॅम्बलर्स ॲनॉनिमस ही जुगारातून बाहेर पडू पाहणाऱ्यांची १९५७ पासूनची संघटना; त्यांच्या ऑनलाइन बैठका असतात. घरच्यांसाठी गॅम-ॲनॉन आहे, तुम्ही आणि आई त्यात बसून बघा. बाबांची इच्छा आहे की त्याने त्र्यंबकला जाऊन माळ घालावी. मनापासून घातली तर तिचा आधार मोठा असतो, रोजची संगत बदलते. फक्त माळ घातली म्हणून डॉक्टरची तारीख चुकवू नका.

उपचारांचं बोलायचं कधी? मंगळवारी नाही, बाजार बंद झाल्यावर लगेच नाही, मामा-काकांसमोर तर नाहीच. रविवारी सकाळी त्याला घेऊन गोदापार्कला चालायला जा. हिशोब नंतर. आधी एवढंच म्हणा, 'तू किती घालवलेस हे विचारायला मी आले नाही. तू थकलायस हे दिसतंय मला. शनिवारची वेळ घेतलीय डॉक्टरांची, मी येणार आहे सोबत.' वेळ आधी घेऊन ठेवलेली असावी, कारण त्याचा 'हो' संध्याकाळपर्यंत टिकेलच असं नाही.

तो पुन्हा एखादवेळी घसरेल, हे धरून चाला. द्राक्षाच्या पट्ट्यातली माणसं आपण. हवा ढगाळ झाली की डावणी रोग येईल म्हणून बागाईतदार बागेतल्या चकरा वाढवतो, वेलीला शिव्या देत बसत नाही. दिवाळीचा बोनस, पगारवाढ, वरिष्ठांशी खटका, मित्राने दाखवलेला नफ्याचा स्क्रीनशॉट, हे त्याचे ढगाळ दिवस. तेव्हा जास्त सोबत द्या. एकदा पुन्हा खेळला म्हणजे आधीचे सगळे महिने वाया गेले असं नसतं. त्याने ते त्याच दिवशी येऊन सांगितलं, तर तो बरा होत चालल्याचीच खूण आहे.

आता साखरपुडा. ताई, इथे मी तुमच्या आईशी अजिबात सहमत नाही. लग्नाने जबाबदारी येते हे खरं, पण आजार जात नाही, आणि ती जबाबदारी पडते कोणावर? निफाडच्या त्या मुलीवर. तिच्या स्त्रीधनावर, तिच्या पगारावर. तीन वर्षांनी तिचंच पत्र माझ्याकडे येईल, आणि त्यात 'सासरच्यांना सगळं माहीत होतं' ही ओळ असेल. भावाचा संसार तुम्ही मोडत नाही आहात. लपवून मांडलेला संसार उभाच राहात नाही. तरी लगेच फोन उचलून मुलीच्या वडिलांना ११ लाखांचा पाढा वाचू नका. सांगायचा पहिला हक्क आणि पहिलं कर्तव्य भावाचं आहे. आधी साखरपुडा पुढे ढकला. 'मुलाची तब्येत ठीक नाही, उपचार चालू करतोय' हे सांगण्यात खोटं काहीच नाही. पुढे त्याने मुलीला भेटून स्वतः सांगावं, डॉक्टरांनी काय सांगितलं तेही सांगावं, आणि थांबायचं की नाही हे तिने ठरवावं. आई-बाबा तारीख रेटतच राहिले, तर मात्र तुम्ही त्यांना आधी कळवून मुलीकडच्यांना खरं सांगा. यावरून माहेरी अबोला धरला जाईल. तो काही काळ सोसावा लागेल.

ज्या वाचकांच्या घरी प्रश्न जुगाराच्या पैशांचा नाही, पण दहावीतला मुलगा रात्री तीनपर्यंत गेम खेळतोय, किंवा सुनेची ऑनलाइन खरेदी थांबत नाही, त्यांनीही वरची लक्षणं आपल्या घराला लावून बघावीत. ताबा सुटलाय का, बाकी सगळं मागे पडलंय का, नुकसान दिसूनही चालूच आहे का? गेमिंगला निदान म्हणून मान्यता आहे, खरेदी आणि रील्सना अजून वेगळी नाही. पण घरातला त्रास खरा असतो आणि मदतीची दारं तीच आहेत. मुलांच्या बाबतीत मोबाईल हिसकावून फोडण्याआधी डॉक्टरांशी किंवा १४४१६ वर बोला. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून मोबाईल-गेमिंगच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं.

तुमच्या ८० हजारांचं राहिलं. भावाने आई-बाबांपासून लपवलं, आई-बाबा मुलीकडच्यांपासून लपवतायत, आणि तुम्ही नवऱ्यापासून. रविवारी भावाशी बोलायच्या आधी आज रात्रीच त्यांना सांगून टाका. ते चिडतील, पण शनिवारी सिव्हिलला जाताना गाडी चालवायला आणि बाबांना समजवायला तुमच्यासोबत कोणीतरी हवं आहे.